वायरची गन की बॅटरीची?

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने वडगाव मावळवरून जाताना एखाद्या गॅरेजातून येणारा 'टर्र-टक्-टक्-टक्' असा आवाज तुम्ही ऐकला असेल. चाकाचे नट सोडवणारे हे हत्यार म्हणजे इम्पॅक्ट रेंच; गॅरेजातील मंडळी त्याला नुसते 'गन' म्हणतात. काही गन कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात, त्या बाजूला ठेवू. विजेवरच्या दोन : एक वायरची, दुसरी बॅटरीची. नवे गॅरेज काढणाऱ्याने कोणती घ्यावी?

आधी एक कोडे. लहान मोटारीचा नट साधारण 100 न्यूटन-मीटर पिळाने आवळलेला असतो. 30 सेंटिमीटरच्या पान्याने एवढा पीळ द्यायला टोकाशी सुमारे 34 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. मग गन हातात धरणाऱ्याचे मनगट उलटे का फिरत नाही? न्यूटनचा तिसरा नियम रजेवर गेला की काय? तसे नाही. गनच्या आत एक जड हातोडा फिरत असतो आणि तो ऐरणीवर क्षणोक्षणी आदळतो. आघात क्षणभराचा, म्हणून बल मोठे. त्याची प्रतिक्रिया हातोड्यालाच मागे रेटते. मनगटाला जाणवतो तो हातोड्याला पुन्हा वेग देणाऱ्या मोटरचा लहानसा पीळ.

हातोडा दोन्ही गनमध्ये असतो. फरक आहे तो ऊर्जेच्या वाटेत. 500 वॉटची गन 230 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर धारा घेते. 18 व्होल्टवर तीच धारा 28 अँपिअर होते. आता 1 ओहम रोधाच्या लांब वायरीतून 28 अँपिअर न्यायचे म्हटले, तर 28 व्होल्ट वायरच खाऊन टाकील. बॅटरीपाशी आहेत मुळात 18! बॅटरी मुठीलाच का जोडतात, हे आता कळले ना?

आणखी एक हिशोब करू. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 90 वॉट-तास, म्हणजे 3,24,000 जूल ऊर्जा असते. एका नटाला 5 सेकंद धरले तर 2,500 जूल लागतात. म्हणजे झाले सुमारे 130 नट. चाकाला चार नट धरून सगळी चाके काढली-लावली, तर चार मोटारी. अर्थात हा कागदावरचा हिशोब. गंजलेले नट त्याला जुमानत नाहीत!

दिवसभर एकाच जागी काम असेल तर वायरची गन बरी, ती दमत नाही. पण मावळातला पाऊस आठवा. अंगणात पाणी साचलेले, त्यात वायर पडलेली : गळती होताच वीज तोडणारा स्विच नसेल तर जिवाशी खेळ. शिवाय वीज गेली, किंवा खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेल्या मोटारीपर्यंत जायचे झाले, तर वायर कोठे खोचणार? मला विचाराल तर या भागात बॅटरीची गन आणि जोडीला एक जादा बॅटरी.

मात्र नट किती आवळला गेला, हे साध्या गनला कळत नाही. सैल राहिला तर चाक निखळेल. फार आवळला तर बोल्ट ताणला जातो, आणि रात्री घाटात पंक्चर झाल्यावर हातपान्याने तो हलतही नाही. म्हणून शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच द्यावा, समोरासमोरचे नट आलटून-पालटून घेत. किती न्यूटन-मीटर, हे मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पाहा. आणि पुढच्या वेळी गॅरेजात गेलात की त्या पान्याची 'टक्' ऐकू येते का, तिकडे कान द्या.