आम्ही बनवलेली छाटणीची करवत

आमच्या शाळेमागे हापसा आहे. हापशाच्या वाटेवर पेरूचे झाड आहे. त्याची एक फांदी वाटेवर फार खाली आली होती. पहिलीची मुले पाणी प्यायला पळत जात आणि फांदी तोंडाला लागे. एका मुलीला डोळ्याजवळ खरचटले. मग मोठी माणसे म्हणू लागली, "ते झाडच तोडून टाका." आम्हाला फार वाईट वाटले. आम्ही म्हणालो, "गुरुजी, नुसती फांदी कापू. झाड नका तोडू." गुरुजी म्हणाले, "कापाल, पण कशाने? आणि नीट कापाल का?"

नीट का कापायचे ते मला माहीत होते. मागच्या वर्षी मी शाळेतल्या जास्वंदीची फांदी हाताने ओढून मोडली होती. तिच्याबरोबर खोडाची साल खालपर्यंत सोलली गेली. पुढे जास्वंद वाळून गेली. हे मी कुणालाच सांगितले नव्हते. आज सांगते.

आमचे आबा द्राक्षबागेत छाटणीला जायचे. आमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची छाटणी एप्रिल आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा होते. आबा म्हणाले, "आगं, साल म्हंजी झाडाची कातडी. नीट कापली तर भरून येती, सोलली तर न्हाई." पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जाते. म्हणून साल जपायची.

द्राक्षाला सिकेटर लागतो. तो घरी बनत नाही. पण आबांनी आम्हाला छोटी करवत बनवून दाखवली.

साहित्य : लोखंड कापायच्या करवतीचे तुटके पाते (वेल्डिंगच्या दुकानात टाकून दिलेले असते), मुठीत मावेल असा बाभळीचा दांडका, एक खिळा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी.

कृती : अख्खे पाते १२ इंच असते. आमचा तुकडा ८ इंचांचा होता. पात्याच्या टोकाला भोक असते, ते टोक आत घालायचे. आबांनी दांडक्याला चार बोटे खोल चीर पाडली, पाते आत बसवले, भोकातून खिळा ठोकला आणि वाकवला. म्हणून पाते निसटत नाही. वरून ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पात्याचे दात मुठीकडे वळलेले हवेत. पाते पातळ असते. ढकलून कापले तर ते वाकते, ओढून कापले तर ताठ राहते. दात बारीक असल्यामुळे ओला भुसा अडकतो. तो जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचा.

आता फांदी कशी कापायची ते सांगते. आधी खोडापासून वीतभर लांब, खालच्या बाजूने थोडी चीर पाडायची. मग तिच्या जरा पुढे वरून कापायचे. फांदी वजनाने पडते, पण साल त्या चिरेपर्यंतच फाटते, खोडावर जात नाही. शेवटी उरलेले खुंट कापायचे. खोडाजवळ फांदीला फुगवटा असतो, तो मात्र ठेवायचा. तिथूनच नवी साल येऊन जखम झाकते.

आमची फांदी दोन अंगठ्यांएवढी जाड होती. गुरुजींनी फांदी धरली आणि आम्ही पाळीपाळीने करवत ओढली. अर्धा तास लागला. हात भरून आले, पण साल जराही सोलली नाही.

उंचावरच्या बारीक फांद्यांसाठी आबांनी जुना विळा बांबूला बांधून आकडी केली. ती मोठ्या माणसांनीच वापरायची. फांदीच्या खाली कुणी उभे राहायचे नाही. काम झाल्यावर पाते धुऊन, पुसून त्याला तेलाचा हात लावायचा, म्हणजे गंज चढत नाही.

मित्रांनो, झाड अजून तिथेच आहे. पेरूला नव्या फुटीवर फळ लागते. आमच्या झाडाला नवी फूट आली आहे. पहिलीची मुले आता खालून न वाकता पळतात. आणि वाळलेल्या जास्वंदीच्या जागी मी नवी काडी लावली आहे. तिला दोन पाने आली आहेत. ती कुणी ओढू नका.

— इयत्ता ४ थी