एक्स-रे क्लाउडवर ठेवण्यापूर्वी

सोमवारची सकाळ, नऊची वेळ. वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्याख्यान कक्षात दीडशे विद्यार्थी बसले आहेत. विषय आहे क्षयरोग. प्राध्यापकांनी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तर फाइलींच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले. कुठल्या तरी संगणकातून व्हायरस आला असावा. पाच मिनिटे खटपट झाली. शेवटी मागच्या बाकावरून निवासी डॉक्टर म्हणाली, "सर, मी कालच ड्राइव्हवर टाकून ठेवलंय." लिंक आली, पडद्यावर व्याख्यान उघडले आणि सगळ्यांना हायसे वाटले.

चौथ्या स्लाइडवर छातीचा एक्स-रे आला. फुप्फुसाच्या वरच्या भागातली पोकळी अगदी ठळक दिसत होती. शिकवायला याहून चांगला एक्स-रे मिळणे कठीण. पण त्याच्या कोपऱ्यात रुग्णाचे पूर्ण नाव, वय आणि नोंदणी क्रमांकही तितकाच ठळक होता. कोणाच्या लक्षात येण्याआधी वीस-पंचवीस फोन वर झाले आणि स्लाइडचे फोटो निघाले. रात्री घरच्या वाय-फायवर ते फोटो आपोआप वेगवेगळ्या क्लाउड खात्यांत जाऊन बसले असणार.

असा प्रसंग कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात घडू शकतो. ज्या सोयीने तास वाचला, त्याच सोयीने एका माणसाचा आजार पंचवीस जणांच्या खिशात गेला. शाळेतल्या शिक्षकांची गुणपत्रके, कार्यालयातली पगारपत्रके, गृहनिर्माण सोसायटीची सभासद यादी यांचेही असेच होते. म्हणून क्लाउड वापरूच नका, असे सांगण्यात काही अर्थ नाही. तो वापरावाच. फक्त फाइल वर चढवण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ही फाइल कोण कोण पाहू शकेल? आणि ही नाहीशी झाली, तर दुसरी प्रत कुठे आहे?

नाव ढगाचे, जागा जमिनीवरची

‘क्लाउड’ या शब्दामुळे फाइल हवेत कुठेतरी तरंगत असते असा समज होतो. प्रत्यक्षात ती जमिनीवरच, दुसऱ्याच्या संगणकात असते. हे संगणक डेटा सेंटर नावाच्या मोठ्या इमारतींमध्ये रांगेने मांडलेले असतात. त्यांना चोवीस तास वीज आणि गारवा लागतो. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातही अशी केंद्रे आहेत. मात्र आपल्या फुकट खात्यातली फाइल भारतातच राहील, याची हमी नसते. कंपनी तिच्या एकापेक्षा अधिक प्रती ठेवते, त्यामुळे एखादी डिस्क बिघडली तरी आपल्याला कळतही नाही.

ही जागा अमर्याद नसते. गूगलच्या फुकट खात्यात १५ गिगाबाइट जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून वापरली जाते. फोटोंसाठी असलेली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा भरली की नव्या फाइली चढत नाहीत, शिवाय नवे ईमेल येणेही थांबते. एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो प्रतिमा असतात. असे काही स्कॅन आणि शस्त्रक्रियांचे थोडे व्हिडिओ ठेवले, की १५ गिगाबाइट केव्हा संपले ते समजत नाही.

ईसीजीचा प्रवास

या साधनांनी वैद्यकीय कामात किती फरक पडला, हे पाहायचे तर हृदयविकाराच्या झटक्याचे उदाहरण घ्यावे. गुठळीमुळे हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की दर मिनिटाला स्नायूच्या पेशी मरत जातात. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो, पण तो वाचणारा हृदयरोगतज्ज्ञ तिथे नसतो. तोच ईसीजी इंटरनेटवरून काही मिनिटांत तज्ज्ञाच्या पडद्यावर आला, तर निदान तिथल्या तिथे होते. गोव्यातील ‘स्टेमी गोवा’ उपक्रमाची रचना अशीच आहे. छोट्या केंद्रातला ईसीजी तज्ज्ञांकडे जातो, निदान पक्के झाले की गुठळी विरघळवणारे औषध तिथेच सुरू होते आणि रुग्णाला पुढच्या उपचारांसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवले जाते.

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही दूरसल्ला सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, रुग्णाला घरबसल्या डॉक्टरशी बोलता येऊ लागले. त्याच काळात अध्यापकांनाही नवी साधने शिकावी लागली. फुकट खात्यावर ४० मिनिटांनी तुटणारी झूमची बैठक, गूगल फॉर्मवरची चाचणी, रात्री अकराला येणारे ‘सर, आवाज येत नाही’ हे निरोप, हे सगळे अनेकांना आठवत असेल. साथ ओसरली, पण त्यातले उपयोगी ते टिकले. विभागाचे ड्युटीचे वेळापत्रक आता एकाच सामायिक तक्त्यात असते. कोणी रजेवर गेले की बदल सगळ्यांना लगेच दिसतो. चुकून कोणी रकाना पुसला, तर तक्त्याच्या आधीच्या आवृत्तीकडे परत जाता येते. विद्यार्थ्यांना सामायिक फोल्डरमधून ईसीजी आणि रक्तपेशींच्या स्लाइड्स पुन्हा पुन्हा पाहता येतात. जे डोळ्यांनी ओळखायला शिकायचे, त्यासाठी ही उजळणी मोलाची असते.

पहिला प्रश्न : कोण पाहणार?

फाइल शेअर करताना बहुतेकांचे बोट घाईत ‘लिंक असलेल्या कोणालाही’ या पर्यायावर जाते, कारण त्यात कोणाची परवानगी द्यावी लागत नाही. पण अशी लिंक म्हणजे पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली. एका गटातून दुसऱ्या गटात ती गेली की कोण आत येऊन गेले ते समजत नाही. ठरावीक ईमेल पत्ते देऊन, ‘फक्त पाहता येईल’ असा पर्याय निवडून फाइल दिली तर दोन मिनिटे जास्त लागतात, इतकेच.

रुग्णाच्या प्रतिमेबाबत आणखी काळजी लागते, कारण ओळख अनेक ठिकाणी दडलेली असते. कोपऱ्यातले नाव दिसते तरी. पण स्लाइड बनवताना प्रतिमेचा तो भाग नुसता क्रॉप केला, तर तो दिसेनासा होतो, फाइलमधून जात नाही. स्लाइड हाती आलेला माणूस क्रॉप मागे घेऊन नाव वाचू शकतो. क्रॉप केलेला भाग कायमचा काढण्याचा पर्याय पॉवरपॉइंटमध्ये वेगळा निवडावा लागतो. सीटी आणि एमआरआयच्या मूळ डायकॉम फाइलमध्ये चित्राबरोबरच रुग्णाचे नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख यांची नोंद असते. फोनवर काढलेल्या फोटोत वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही नोंदलेले असते. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, हाही जुना गैरसमज आहे. हातावरचे गोंदण, जखमेचा व्रण किंवा गळ्यातला दागिना गावातल्या माणसाला पुरेसा असतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांनुसार, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. एचआयव्हीबाधितांच्या गोपनीयतेसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांची ओळख उघड करणे पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. २०२३ मध्ये डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचाही कायदा संसदेने मंजूर केला.

कायद्यापेक्षाही जवळचा मुद्दा विश्वासाचा आहे. क्षयरोगाचे निदान झालेली तरुणी सासरी काय सांगायचे या चिंतेत असते. तिचा एक्स-रे फिरत फिरत तिच्याच गावातल्या एखाद्याच्या फोनवर पोहोचला, तर पुढच्या वेळी ती दवाखान्यात येईल का? आणि उपचार अर्धवट सुटले, तर आजार बळावतो, घरातल्या इतरांनाही होऊ शकतो आणि औषधांना दाद न देणारा क्षयरोग होण्याचा धोका वाढतो. नाव झाकण्याची दोन मिनिटे उपचाराचाच भाग आहेत.

दुसरा प्रश्न : दुसरी प्रत कुठे?

‘ड्राइव्हवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे अर्धसत्य आहे. लॅपटॉपवरचे फोल्डर क्लाउडशी जोडलेले असते तेव्हा दोन्हीकडे एकच गोष्ट घडते. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. व्हायरसने इथली फाइल कुलूपबंद केली, तर तिची बिघडलेली प्रत वर जाऊन बसते. पुसलेली फाइल गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. संशोधनाची माहिती सहा महिन्यांनी शोधणाऱ्याला त्या ३० दिवसांचा उपयोग नसतो.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. केसपेपर, दाखले, तपासण्यांचे अहवाल पुन्हा हाताने लिहावे लागले आणि बहुतेक संगणकीय कामे पूर्ववत व्हायला जवळपास दोन आठवडे गेले. तरीही ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवर तिची प्रत होती.

प्रत नसली की काय होते, ते दक्षिण कोरियात दिसले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली जिथे साठवल्या जात, ती ‘जी-ड्राइव्ह’ ही क्लाउड व्यवस्था त्यात जळाली. ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची दुसरीकडे प्रत नव्हती. तंत्रज्ञानात इतक्या पुढारलेल्या देशाची ही गत झाली.

यावर संगणक क्षेत्रात एक सोपा नियम आहे : तीन-दोन-एक. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एवढे घरीही जमते. ही हार्ड डिस्क मात्र कायम जोडून ठेवू नये. प्रत घेतली की काढून कपाटात ठेवावी, म्हणजे व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. रुग्णांची माहिती असेल, तर तिच्या प्रती कुठे ठेवायच्या हे संस्थेने ठरवावे. एकट्या डॉक्टरने ती घरी नेऊ नये.

सरकारी रुग्णालयांत माहिती हरवण्याचा आणखी एक साधा मार्ग असतो. विभागाचे सामायिक फोल्डर एखाद्या उत्साही निवासी डॉक्टरच्या खासगी खात्यावर उघडलेले असते. तीन वर्षांनी तो पदवी घेऊन दुसऱ्या शहरात जातो. त्याने जागा मोकळी करण्यासाठी ते फोल्डर पुसले, की विभागाची कितीतरी नोंद जाते. शाळांमध्ये बदली झालेल्या शिक्षकाबाबत हेच होते. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल बंद करून त्यातली माहिती पुसू शकते. म्हणून कामाची फाइल संस्थेच्या खात्यावर असावी आणि तिची जबाबदारी निदान दोघांकडे असावी.

घरोघरी करण्यासारखे

हे दोन प्रश्न रुग्णांनाही लागू पडतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग अशा आजारांत जुने अहवाल फार उपयोगी पडतात. क्रिएटिनिन आज दोन आहे, एवढ्यावरून डॉक्टरला थोडे कळते. सहा महिन्यांपूर्वी ते एक होते, हे कळले तर बरेच कळते. प्लास्टिकच्या पिशवीतले कागद भिजतात, फाटतात, गावी राहतात. त्यांचे उजेडात, सपाट ठेवून, चारही कोपरे येतील असे फोटो काढावेत. फाइलला आधी वर्ष, महिना, दिवस आणि मग तपासणीचे नाव द्यावे, म्हणजे ते क्रमाने लागतात. मूळ कागद मात्र टाकून देऊ नयेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी अहवाल जोडता येतात आणि ते डॉक्टरला दाखवण्यापूर्वी रुग्णाची संमती घेतली जाते. सायबर कॅफेत किंवा मोबाइलच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी अहवाल पाठवला असेल, तर काम झाल्यावर तो तिथून पुसायला सांगावे.

घरातल्या ज्येष्ठांचे खाते बहुधा नातवाने किंवा दुकानदाराने उघडून दिलेले असते. पासवर्ड कोणालाच आठवत नाही आणि जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बदललेला असतो. सवड काढून तो क्रमांक दुरुस्त करावा, द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी आणि पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावा. ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगू नये. खात्यात कोणी शिरून आर्थिक फसवणूक झाली, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

त्या सोमवारच्या तासाला परतू. नाव लक्षात आल्यावर प्राध्यापकांनी पुढची स्लाइड लावून चालणार नाही. विद्यार्थ्यांना आपापले फोटो क्लाउडवरूनही पुसायला सांगावे, मूळ फाइलमधले नाव कायमचे काढावे आणि ते काढतात कसे, हे त्याच तासाला दाखवावे. फुप्फुसातली पोकळी विद्यार्थी पुस्तकातूनही शिकतील. रुग्णाचे नाव जपायचे असते, हे त्यांना शिक्षकांकडे पाहूनच कळते.