कॅल्क्युलेटरची खिडकी आणि जत्रेतला चष्मा

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेसाठी आम्ही चारोटी नाक्यावर उतरलो होतो. जत्रेत एका विक्रेत्याने ‘पोलरॉइड आहे’ म्हणून काळा चष्मा दाखवला. बरोबरच्या शिक्षकमित्रांनी विचारले, ‘‘हा खरा कशावरून?’’ उत्तर त्या विक्रेत्याच्याच कॅल्क्युलेटरमध्ये होते. चष्मा घालून आम्ही कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवला. चष्मा खरा असता, तर एका ठरावीक स्थितीत आकड्यांची खिडकी पूर्ण काळी झाली असती. तसे झाले नाही. काच नुसतीच रंगीत होती.

असे का, ते पाहू. साध्या प्रकाशाची कंपने सर्व दिशांनी होतात. ध्रुवक पट्टी त्यांतील एकाच दिशेची कंपने पुढे जाऊ देते. कॅल्क्युलेटरच्या खिडकीवर अशीच पट्टी असते. खऱ्या पोलरॉइड चष्म्याची काच तिच्याशी काटकोनात आली की प्रकाश अडतो.

मग आकडे कसे उमटतात? खिडकीत दोन काचांच्या मध्ये मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ द्रवस्फटिकाचा थर असतो. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे काडीसारखे रेणू स्फटिकाप्रमाणे एका दिशेने रांग धरतात. 1888 साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्झर यांना कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होताना आणि 178.5 अंशांना स्वच्छ होताना दिसला. ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक.

वर्गात हे करून दाखवता येईल. दहा मुले एकामागे एक उभी करा. पहिल्याने पट्टी आडवी धरावी, पुढच्या प्रत्येकाने दहा अंश अधिक वळवावी. दहाव्याची पट्टी उभी होईल. काचांमधले रेणू असेच 90 अंशांत वळलेले असतात आणि प्रकाशाचे कंपनही त्यांच्याबरोबर वळते. म्हणून मागची ध्रुवक पट्टी पुढचीला काटकोनात असूनही प्रकाश तिच्यातून पार होतो आणि मागच्या परावर्तकावरून परत येतो. आता ‘‘दाब!’’ म्हणताच सर्वांनी पट्ट्या रांगेच्या दिशेने समोर रोखाव्यात. थोड्या व्होल्टच्या विद्युतदाबाने रेणूही तसेच उभे राहतात. पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि तेवढा भाग काळा दिसतो. अशा सात तुकड्यांतून कोणताही अंक बनतो. खिडकी स्वतः प्रकाश देत नाही, म्हणून वीज फारच थोडी लागते.

या विषयाचा एक धागा आपल्या नागपूरशीही जोडलेला आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर 1951 साली नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झाले. पुढे बंगळुरूला मामा सी. व्ही. रामन यांच्याकडे त्यांनी स्फटिक प्रकाशाचे कंपन कसे वळवतात याचाच अभ्यास केला. 1977 साली त्यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह दाखवून दिले की तबकडीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात. अशा रेणूंच्या फिल्ममुळे पुढे सपाट पडद्यावरील चित्र बाजूनेही नीट दिसू लागले.

चष्म्याची पारख हा केवळ गमतीचा प्रश्न नाही. ओल्या रस्त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यतः आडवी असतात. खरा पोलरॉइड चष्मा ती अडवतो. नुसती काळी काच मात्र चकाकीबरोबर रस्ताही अंधारा करते. चारोटीवरून जाणाऱ्या महामार्गावर गाडी हाकणाऱ्यांना हा फरक कळायला हवा. त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात. एक कॅल्क्युलेटर घ्या आणि हा प्रयोग त्यांच्याकडून घरी करवून घ्या.