शुगर, ताट आणि चोरून खाणं

शुगर निघाली की आपल्या घरात आधी डबे हलतात. गुळाचा डबा वरच्या फळीवर जातो, साखर सुनेच्या ताब्यात. भात बंद, केळं बंद, बटाटा बंद. हे सगळं मायेपोटीच होतं. पण काही घरांत या मायेतूनच दुसरं दुखणं उभं राहतं आणि त्याला नाव नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. दिवसभर कडक पथ्य पाळणारं माणूस रात्री सगळे निजल्यावर गार भाकरी, उरलेला भात, चिवडा, हाताला लागेल ते भराभर खातं. पोट दुखेपर्यंत खातं. मग शरमेनं दुसरा दिवस उपाशी काढतं. कुणी खाल्लेलं ओकून काढतं. इन्सुलिनवर असलेली एखादी तरुण मुलगी वजन वाढेल या भीतीनं सुई मुद्दाम चुकवते. हे वारंवार होत असेल आणि आवरता येत नसेल, तर त्याला खाण्याचा विकार म्हणतात. तो मनाचा आजार आहे. हावरटपणा नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत.

शुगरच्या माणसाला हा विकार जडण्याची कारणं साधी आहेत. प्रत्येक घासावर कुणाची तरी नजर असते. मशीनवरचा आकडा वाढला की तो परीक्षेत नापास झाल्यासारखा घरभर सांगितला जातो. त्यात आपल्या वस्त्यांची भुकेची आठवण अजून ताजी आहे. 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेली माणसं आजही घरात आहेत. त्यांना भरलेलं ताट बाजूला सार म्हणणं सोपं नाही. आणि बाईमाणसाचं जेवण तर सगळ्यांच्या मागून, उरेल ते.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रात्रीचं प्रत्येक चोरून खाणं हा विकार नसतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाई सकाळी गोळी घेऊन कोऱ्या चहावर शेतात जाते, दुपारी अर्धी भाकर खाते, संध्याकाळी सुई घेते आणि जेवायला रात्रीचे दहा वाजतात. काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचं काम जेवणाची वाट बघत नाही. साखर 70 च्या खाली उतरते, हातपाय कापतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं आणि अशी भूक लागते की समोर दिसेल ते खावं. ही शरीराची हाक आहे. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटं थांबावं, पुन्हा तपासावं, बरं वाटलं की जेवू घालावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 ला फोन करावा. अशा वेळी ‘पुन्हा खाल्लंस का’ म्हणून ओरडलं की पुढच्या वेळी ते माणूस साखर उतरली तरी सांगत नाही. वारंवार असं होत असेल तर दोष जिभेचा नाही, डोस आणि जेवणाची वेळ जुळत नाही. ते डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

सुई चुकवण्याचा धोका याहून मोठा. इन्सुलिनवाचून रक्तातली साखर पेशींना मिळत नाही, लघवीवाटे वाहून जाते, आणि शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळू लागतं. अंग वाळतं, पण आतून रक्तात आम्ल साठत जातं. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नये. टोरांटो शहरात 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच इलाज होता. इन्सुलिननं माणसांना जेवण परत दिलं. म्हणून सुई टाळून उपाशी राहणारी मुलगी पाहिली की आम्हाला काळ मागे फिरल्यासारखं वाटतं.

शुगर लपवण्याची सवयही आपल्यात आहे, विशेषतः लग्नाच्या मुलीची. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या नसा दुखत, रक्तदाब होता. 1948 साली त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी झाला. त्या स्वतः डॉक्टर. इन्सुलिन आणि पथ्य त्यांनी सांभाळलं. हा आजार सोबत घेऊनच बाबासाहेबांनी संविधानाचं काम पुरं केलं आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिली. मग पोरीनं सुई लपून का टोचावी?

जास्त खाण्याबद्दल संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खाई आणि धापा टाकत तथागतांकडे येई. तथागतांनी मात्रेनं खाण्यावर एक गाथा सांगितली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून जेवताना म्हणायला सांगितलं, आणि राजाचा आहार हळूहळू नाळीभर तांदळावर आला. या गोष्टीत ना दटावणी आहे, ना उपास. गाथेनं आजार बरा होतो असं आम्ही म्हणत नाही, आणि घरच्यांनी ताटाशेजारी बसून घास मोजावेत असंही नाही. घ्यायचं ते ‘हळूहळू’ आणि सोबत. शेजारी बसून आपणही तेच जेवावं.

उपोसथाचा प्रश्न वर्षावासात हमखास निघतो. अष्टशीलात दुपारनंतर भोजन नाही. पण विनयात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून अवेळीही घेण्याची मोकळीक आहे. भिक्खूंना सूट, तर सुई घेणाऱ्या उपासिकेनं अट्टहास कशाला? शिवाय ज्याला खाण्याचा विकार आहे, त्याच्यासाठी उपोसथ हा उपाशी राहण्याचा आडोसा होतो. लोक श्रद्धा म्हणून कौतुक करतात आणि आजार वाढतो. अशांनी पंचशील पाळावं, विहारात ग्रंथवाचनाला बसावं आणि वेळेवर जेवावं. उरुवेलेत हाडं दिसेपर्यंत उपास केलेल्या सिद्धार्थानं शेवटी सुजाताची खीर घेतली, हे आपण दर वैशाख पौर्णिमेला सांगतोच.

बरं होण्याची सुरुवात वेळेपासून होते, आकड्यापासून नव्हे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ठरल्या वेळी जेवण. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी दुसऱ्या दिवशीची न्याहारी चुकवायची नाही, कारण उपास हाच पुढच्या रात्रीच्या खाण्याला बोलावतो. सक्त बंदी कशावरच नाही, भातावरही नाही. मात्र ज्वारीची भाकरी म्हणजे औषध, कितीही खा, हाही गैरसमज आहे. भाकरीनंही साखर वाढते. एक-दीड भाकरी, सोबत तुरीचं किंवा हुलग्याचं वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, असं ताट सगळ्या घरानं जेवावं. वेगळं ताट वाढलं की माणूस वेगळं पडतं.

डॉक्टरांना सुई चुकवल्याचं किंवा ओकल्याचं खरं सांगणं फार गरजेचं आहे. ते धरून चालतात की डोस पूर्ण जातोय, आणि मात्रा वाढवत राहतात. मग एक दिवस पूर्ण डोस घेतला की साखर धाडकन उतरते. उपचार पुन्हा सुरू होताना पायांवर काही आठवडे सूज येऊ शकते. फार दिवस वाढलेली साखर एकदम खाली आणली तर डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, म्हणून आधी डोळे तपासून मात्रा टप्प्याटप्प्यानं वाढवतात. सूज बघून घाबरून पुन्हा सुई सोडणारे पुष्कळ असतात.

देवणीकरांना लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे, नांदेडकडच्यांना विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडे शुगरची आणि मनोविकाराची तपासणी होते. एकाच फेरीत दोन्ही डॉक्टरांना भेटावं आणि दोघांना एकमेकांचा कागद दाखवावा. गाडीभाड्याची अडचण असेल तर आधी 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जाताना आठ दिवसांची वही न्यावी: किती वाजता जेवलं, किती वाजता सुई किंवा गोळी घेतली, रात्री उठून खाल्लं का. आकडे बरे-वाईट कसेही असोत, वही त्या माणसानंच लिहावी.