साप चावल्यावर दवाखान्यात पोहोचेपर्यंत
रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा; हालचालीने विष लवकर पसरते. सूज येण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. घट्ट दोरी आवळू नका, जखम कापू किंवा चोखू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवून १०८ ला फोन करा.

मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. वेदना वा खुणा अनेकदा जाणवतही नाहीत. पहाटे अचानक पोटदुखी, उलटी, पापण्या जड झाल्यास लगेच निघा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात. म्हणून साप मारून आणण्यात किंवा मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.