नाताळात मुलांना घरी का पाठवत नाही?



दरवर्षी डिसेंबरात आपल्या हितचिंतकांकडून एक प्रश्न हमखास येतो. कोणी फोनवर विचारतो, कोणी देणगीच्या पाकिटात चिठ्ठी घालतो. “नाताळ हा तर कुटुंबाचा सण. मग तुम्ही वसतिगृहातल्या लेकरांना सणाला आईबापांकडे का पाठवत नाही?” प्रश्न प्रेमापोटी विचारलेला असतो आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. दोन ओळींत ते मावत नाही, म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे.

हंगाम आणि शाळेचे वर्ष

आमचे वसतिगृह नवापूर तालुक्यातल्या एका लहान गावी, शाळेच्या शेजारीच आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. आमच्याकडे मावची, भिल्ल आणि कोकणी घरांतली मुले आहेत. पावसाळ्यात घरच्या थोड्या जमिनीत भात, ज्वारी, तूर होते. तूर शेतात उभी असते, पण भात निघाला की हाताला काम उरत नाही. नेमकी तेव्हाच दक्षिण गुजरातमधली ऊसतोड सुरू होते.

नवापूर अगदी सीमेवर आहे. आमचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच रुळाने सोनगड, व्यारा, बारडोली, सुरत असा रस्ता जातो. ऊसतोडीला जाणारे मात्र बहुधा रेल्वेने जात नाहीत. दिवाळी आटोपली की मुकादमाचा ट्रक गावात येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे त्यात चढतात आणि रात्रीतून पाडा रिकामा होतो. ऊसतोड मार्च-एप्रिलपर्यंत चालते.

शाळेचे दुसरे सत्रही दिवाळीनंतरच सुरू होते. म्हणजे मुले शाळेत परत यायची आणि आईबाप ऊसतोडीला निघायचे, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येतात. आमच्या सेवेतला सर्वांत कठीण आठवडा तोच.

उचल आणि कोयता

आईबाप मुलांना घेऊन जातात म्हणून त्यांना बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण हिशेब समजून घ्या. पावसाळ्यात घरात दाणा संपलेला असतो. बियाणे, आजारपण, लग्न, कशालाही पैसा लागतो, आणि मुकादम उचल देतो. उचल घेतली म्हणजे हंगामाला जाणे आलेच. तिथे काम माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसे, बहुधा नवरा-बायको. एक तोडतो, दुसरा पाला काढून मोळी बांधतो. मजुरी टनावर ठरते. मधल्या काळात पोटासाठी धान्य किंवा थोडी रोकड मिळते, तिला खावटी म्हणतात. उचल आणि खावटी व्याजासकट कापून उरलेला पैसा हंगाम संपल्यावर हातात पडतो.

यातून तीन गोष्टी होतात. पहिली, आई कामावर गेली नाही तर कोयताच होत नाही. दुसरी, आई पहाटे फडात गेली की तान्हे लेकरू कोणाकडे द्यायचे, हा प्रश्न उभा राहतो आणि उत्तर म्हणून घरातली आठ-दहा वर्षांची मुलगी सापडते. तिसरी, हंगाम अर्ध्यावर सोडला तर हिशेब बुडतो. म्हणून नाताळ असो की आजीचे मरण, आईबाप सहसा परत येऊ शकत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाताळात मुलाला घरी पाठवायचे म्हणजे कुठे पाठवायचे? घराला कुलूप असते, नाहीतर म्हातारी आजी एकटी असते. मूल घरी आले की कोणीतरी नातेवाईक म्हणतो, “चल, आईला भेटून ये.” ते मूल पडावावर पोहोचते. पडाव म्हणजे मोकळ्या शेताच्या कडेला ताडपत्रीच्या खोपट्यांची वस्ती. आईला पाहून लेकराला परत यावेसे वाटत नाही आणि आईलाही त्याला सोडवत नाही. यात दोघांचाही काही दोष नाही. पण ते मूल पुन्हा शाळेत दिसते ते होळीला, कधी जूनमध्ये, आणि कधी दिसतच नाही.

पडावावर शाळा नसते का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क दिला आहे. वर्षाच्या मध्ये आला किंवा दाखला हातात नाही, म्हणून शाळा त्याला नाकारू शकत नाही. ही मोठी गोष्ट आहे आणि आम्ही ती पालकांना सांगतो. पण आमच्या मुलांची अडचण भाषेची आहे. घरी मावची, शाळेत मराठी आणि पडावाजवळच्या शाळेत गुजराती. दुसरीतल्या मुलाला मराठी अक्षरे कुठे बसू लागलेली असतात, तोच त्याच्यापुढे वेगळ्या लिपीचे पुस्तक येते. तो चार दिवस जातो, मग फडाकडे वळतो. वाढे गोळा करणे, पाणी आणणे, मोळ्या उचलू लागणे, एवढे काम तर लहान हातांनाही जमते. एकदा ते काम करू लागलेले मूल बाकावर परत बसवणे फार अवघड असते.

म्हणूनच मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयी निघाल्या. शासनाची हंगामी वसतिगृहे याच विचाराने सुरू झाली आणि आमचे वसतिगृहही हिवाळ्यात तेच काम करते. जून ते दिवाळी आमच्याकडे नेहमीची मुले असतात. दिवाळीनंतर त्यांत ज्यांचे आईबाप गेले अशी भर पडते आणि पंगत लांबते.

दिवाळीची सुटी आम्ही कशी घालवतो

हे काम सुटीतच करावे लागते. ट्रक येण्याआधी घरी जावे लागते. यंदाही आम्ही दोघे-तिघे मोटारसायकलवर पाड्यापाड्यावर फिरलो. ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचा, भात कसा झाला ते विचारायचे आणि मग विषय काढायचा. सातवीतल्या एका मुलाचा बाप आधी नाहीच म्हणाला. त्याला मुलगा बैलगाडीजवळ मदतीला हवा होता. पण आजोबा मध्ये पडले. ते स्वतः मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. “दहावी होऊ दे, मग ने कुठे न्यायचा तो,” एवढेच ते बोलले आणि बाप गप्प झाला. तो मुलगा आज आमच्याकडे आहे.

दुसऱ्या घरी तसे झाले नाही. सहावीतली एक मुलगी, अभ्यासात हुशार, गाण्यात पुढे. घरात पाच महिन्यांचा भाऊ. आई म्हणाली, “सर, ही नाही आली तर बाळाला कोण धरेल? कोयता कसा चालेल?” तान्हे बाळ आईपासून तोडून गावात ठेवता येत नाही. आजी हयात नाही, मावशीही ऊसतोडीला. आम्ही दोनदा गेलो, शाळेच्या बाई तिसऱ्यांदा गेल्या. शेवटी ती मुलगी गेली. तिची पुस्तके आम्ही बांधून दिली. बापाच्या मोबाइलवर दर रविवारी संध्याकाळी शाळेच्या बाई फोन करतात आणि ती वाचलेला धडा सांगते. परवा तिने विचारले, “माझी जागा कोणाला दिली का?” नाही दिली. तिची गादी आणि पेटी जागेवर आहे. हे मी आपल्याला सांगतो, कारण अहवालात फक्त राहिलेल्यांची गोष्ट येते आणि गेलेल्यांची राहून जाते.

वसतिगृहातला नाताळ

मराठी शाळांना नाताळची लांब सुटी नसते. वर्षाच्या सुट्या ७६ दिवसांहून अधिक होऊ नयेत असा नियम आहे, पण त्या मर्यादेत परवानगी घेऊन दिवाळीचे काही दिवस नाताळकडे वळवता येतात. आमची शाळा तसे करते. ज्यांचे आईबाप खात्रीने गावात आहेत, त्यांची मुले या सुटीत घरी जातात. न्यायला आईने किंवा बापाने स्वतः यायचे, हा नियम आहे. बाकीची मुले इथेच राहतात आणि त्यांच्यासाठी हे वसतिगृहच सणाचे घर होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून गाण्यांचा सराव सुरू होतो. उपासना संगीतातली गीते ढोलकीवर आणि मावचीतली गाणी पावलांच्या ठेक्यावर. मोठी मुले बांबू आणि रंगीत कागदांचा तारा बांधतात. २४ तारखेच्या रात्री मंडळीतले लोक मुलांना घेऊन घरोघर गात जातात. २५ ला उपासना आणि मग पंगत. यंदा मंडळीतल्या काही भगिनींनी एक चांगली गोष्ट केली. ज्या मुलांचे कोणी येणार नव्हते, त्यांना दोघा-दोघांनी आपल्या घरी जेवायला नेले. संध्याकाळी मुले परत आली ती ओंजळीत करंज्या घेऊन.

आपल्या इथली सगळी मुले ख्रिस्ती कुटुंबांतली नाहीत. काहींच्या घरी मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. त्या मुलांचे वडील आमच्यावर विश्वास ठेवून लेकरू सोपवतात आणि तो विश्वास आम्ही जपतो. प्रार्थनेला बसण्याची सक्ती कोणालाही नाही, ताटात मात्र सगळ्यांना सारखेच. १४ जानेवारीला तिळगूळ वाटला आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मुलींनीच परिपाठ घेतला. तोही याच हिवाळ्याचा भाग.

लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. सरकारी हुकमामुळे घर सोडून निघालेले गरीब जोडपे, दिवस भरलेली बाई, उतरायला जागा नाही आणि परक्या गावात बाळंतपण. आमच्यातल्या काही मुलांचा जन्मच पडावावर झालेला आहे. गव्हाणीची गोष्ट ऐकताना ती हसत नाहीत, गप्प बसून ऐकतात.

थंडी आणि सिकलसेल

आता थंडीविषयी. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून येणारा वारा बोचतो. आपल्या शहरातल्या घरांत थंडी म्हणजे स्वेटर काढण्याचे निमित्त असते. आमच्या भागात ती काही मुलांच्या जिवाशी खेळते, कारण इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पोट, छाती असह्य दुखते. थंडी, पाणी कमी पिणे, ताप आणि अतिश्रम यांमुळे ही कळ उठते. पडावावर या चारही गोष्टी एकत्र असतात.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणसाला स्वतःला बहुधा त्रास होत नाही, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि सरकारी दवाखान्यांत तपासणी होते. आम्ही प्रत्येक नव्या मुलाची तपासणी करून घेतो. ज्यांना आजार आहे त्यांना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध न चुकता देतो. त्यांना आंघोळीला गरम पाणी, झोपताना दोन ब्लँकेट आणि दिवसभर पाण्याची बाटली. पहाटेच्या धावण्याच्या सरावातून त्यांना सूट आहे. एवढ्या साध्या काळजीने कळ पुष्कळदा टळते.

आपण काय करू शकता

नाताळला पुष्कळजण खेळणी आणि केक पाठवतात. त्याबद्दल मनापासून आभार. पण आपण विचारता म्हणून सांगतो, आमची खरी गरज दिवाळीनंतरच्या पाच महिन्यांची आहे. जाड ब्लँकेट, पायमोजे, पाणी तापवायच्या बंबाचे सरपण, वाढलेल्या पंगतीचे धान्य आणि सुटीतही मुलांजवळ राहणाऱ्या बाईंचे मानधन. शक्य असेल तर देणगी डिसेंबरऐवजी ऑक्टोबरात पाठवा. पालकांशी बोलताना “तुमच्या लेकराची सोय आमच्याकडे आहे” असे ठामपणे सांगता आले पाहिजे. सोय नंतर बघू म्हटले तर ट्रक थांबत नाही.

दहावीच्या मुलांची परीक्षा जवळ आली आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. फडात राबणाऱ्या त्यांच्या आईबापांसाठी करा, त्यांचा हिशेब न्यायाने व्हावा म्हणून करा. आणि रविवारी संध्याकाळी फोनवर धडा वाचून दाखवणाऱ्या त्या मुलीसाठी करा. होळीला ते कुटुंब गावी येईल असे तिच्या वडिलांनी सांगितले आहे. त्या दिवशी आम्ही पुन्हा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसणार आहोत.