दोन घाट, तीन नद्या : वाई-मेणवलीची सहल मुलांना कशी दाखवावी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं ठिकाण म्हणून वाईचं नाव बहुतेक यादीत असतं. साधारण नव्वद किलोमीटर अंतर, महामार्ग चांगला, देवळं सुंदर. ढोल्या गणपती, मेणवलीचा वाडा, जमलं तर धोम किंवा माहुली, जेवण, फोटो, परत. मुलं खूश असतात. पण दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा, "काल कोणती नदी पाहिली?" निम्मी मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ज्या नदीमुळे ही गावं तिथे वसली तीच सहलीतून सुटते. ती सुटू नये म्हणून काय करता येईल, ते सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात बसमध्येच करायची. गाण्याच्या भेंड्या थोड्या उशिरा चालतील. आपण निघतो ते मुठेच्या खोऱ्यातून. कात्रजचा डोंगर ओलांडला की खेड शिवापूरच्या बाजूचं पाणी मुठेला मिळत नाही, ते शिवगंगा-गुंजवणीतून नीरेला जातं. पुढे शिरवळजवळ नीरा ओलांडतो तिथे पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. मग खंबाटकी. तो डोंगर उतरलो की आपण कृष्णेच्या खोऱ्यात. म्हणजे दोन घाट आणि तीन नद्यांची खोरी! 'जलविभाजक' हा शब्द पुस्तकात वाचून मुलांना काही कळत नाही. पण "या डोंगराच्या अलीकडे पडलेला पाऊस आपल्या मुठेत, पलीकडे पडलेला नीरेत" असं कात्रजला सांगितलं की चौथीच्या मुलालाही लगेच समजतं. खंबाटकीला तर मुलं स्वतःच विचारतात, "सर, आता पाणी बदललं का?"

आणि गंमत पुढे आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते, नीराही नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात रायचूरच्या बाजूला जाऊन कृष्णेला मिळते. सकाळी ओलांडलेल्या तिन्ही नद्यांचं पाणी शेवटी एकच. हे मात्र बसमध्ये सांगून टाकू नका. परत आल्यावर नकाशात मुलांनाच शोधू द्या.

वाईत पोचल्यावर बहुतेक गट थेट देवळात शिरतात. माझं म्हणणं, आधी पाच मिनिटं घाटावर थांबा. वाईला आळीआळीचे सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी. कृष्णाबाईचा उत्सवही घाटाघाटाचा वेगळा होतो. मुलांना एक साधा प्रश्न विचारा : नदीला पायऱ्या कशाला? "खाली उतरायला" हे उत्तर येणारच. मग पुढचं विचारा, इतक्या कशाला? आपल्याकडच्या नद्या पावसाच्या पाण्यावरच्या. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, पावसाळ्यात पार वर चढतं. पाणी कुठल्याही पातळीवर असो, माणसाला घागर भरता आली पाहिजे, धुणं धुता आलं पाहिजे, संध्या करता आली पाहिजे. त्यासाठी या पायऱ्या. शिवाय काठाची माती दगडी बांधकामामुळे धरून राहते. कोरड्या पायऱ्या किती, शेवाळ आलेल्या किती, हे मुलांना मोजायला लावा. शेवाळाची रेघ म्हणजे नदीने स्वतः लिहून ठेवलेली नोंदच.

नाशिकला गेलेल्या मुलांना इथे दुतोंड्या मारुतीची आठवण करून द्या. गोदावरीचं पाणी मूर्तीच्या कुठवर आलं त्यावरून तिथली माणसं पुराचा अंदाज सांगतात. मोजपट्टी नसतानाचं मोजमाप शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आता देऊळ. ढोल्या गणपतीचं मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. एवढी मोठी मूर्ती बघून मुलं अवाक् होतात, होऊ द्या. पण नंतर त्यांना देवळाच्या मागे न्या. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी येऊन त्या टोकावर आपटतं, दोन्ही बाजूंना फाटतं आणि देवळाला सरळ धक्का बसत नाही. नदीकाठी बांधायचं म्हणजे पूर येणार, हे धरूनच त्या कारागिरांनी आखणी केली. पालकांपैकी कोणी बांधकाम क्षेत्रातलं असेल तर इथे त्यांनाच बोलू द्या, मुलं फार लक्ष देऊन ऐकतात.

रास्ते हे नाव पुण्यातल्या मुलांना माहीत असतं, पण ते माहीत आहे हे त्यांना ठाऊक नसतं. रास्ता पेठ! ती रस्त्यावरून नाही, याच रास्ते घराण्यावरून. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या कन्या. पुण्यातली सत्ता आणि कृष्णाकाठचे घाट यांचा संबंध असा घरातला आहे. नाना पेठेचंही तेच. त्या नानांचा, म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा इथून तीन किलोमीटरवर मेणवलीला.

मेणवलीत सहा चौकांचा वाडा, भिंतींवरची जुनी चित्रं आणि मागे उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट. ('स्वदेस' चित्रपटातला घाट तो हाच. पालक ओळखतात, मुलं नाही.) घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा आहे. इथे वाटाड्या पुढे सरसावतो आणि गोष्टींना ऊत येतो. त्यांना थांबवू नये, गोष्ट हवीच. पण मुलांच्या वहीत आधीच तीन रकाने आखून द्या : 'दिसतं', 'लिहिलंय', 'सांगतात'. घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे, १७०७ हे साल आहे, ते पहिल्या रकान्यात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली आणि त्या मोहिमेनंतर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही तशी एक आहे, हे दुसऱ्या रकान्यात. बाकी जे काही ऐकायला मिळेल ते तिसऱ्यात. हा तिसरा रकाना सगळ्यात जास्त भरतो, आणि ते मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येतं.

वेळ उरला तर साताऱ्याजवळ संगम माहुली. महाबळेश्वरच्या डोंगरातूनच निघालेली वेण्णा इथे कृष्णेला मिळते. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव म्हणून मोठ्यांना ओढ असते, मुलांना मात्र शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आवडते. कुत्र्याने महाराजांना वाघापासून वाचवलं ही गोष्ट अर्थातच तिसऱ्या रकान्यात. पण खरं सांगायचं तर धोम आणि माहुली दोन्ही एका दिवसात कोंबू नयेत. मुलं थकली की काहीच बघत नाहीत.

पालकांना काळजी असते ती पाण्याची, आणि ती रास्तच आहे. वाईच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे, पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना घाटावर मुलांना नेऊच नये. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि ओल्या पायरीवर कोणीही पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या आठवड्यात फोन करून विचारून ठेवा. आणि वर्गणी ज्यांना झेपत नाही त्यांची नावं वर्गात वाचली जाणार नाहीत एवढं पाहा. एक मूल मागे राहिलं तर त्याला त्या दिवशी शाळेत बसून काय वाटत असेल?

परत आल्यावरचा गृहपाठ मुठेवरचा द्या. कृष्णेचे घाट पाहिलेलं मूल ओंकारेश्वरापाशी उभं राहिलं की आपोआप पायऱ्या शोधू लागतं. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारून यायचं : १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर त्या पुराची खूण आहे का? जे सापडेल ते वर्गातल्या नकाशावर निळ्या पेन्सिलीने लावायचं, आणि पुढे कोणता रकाना तेही लिहायचं.